शजरा, वंशावळ आणि कोतवाल बुक

'आपले पूर्वज कुठले?' असे मुसलमान घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारले, तर ठरलेली दोन-तीन उत्तरे मिळतात. कुणी अरबस्तान सांगतो, कुणी इराण, तर कुणी विजापूरपर्यंत येऊन थांबतो. काही घरांत शजराही असतो. शजरा म्हणजे झाड. आपल्या कुळाचे नाव एखाद्या पीराच्या नावाशी आणि तिथून पुढे थेट पैगंबरसाहेबांच्या घराण्याशी जोडणारा हा कागद. तो हिरव्या रुमालात बांधून कुरआनशरीफजवळ ठेवलेला असतो. त्यात मधल्या दोन-तीनशे वर्षांतली माणसे कोणत्या गावात राहत होती, काय काम करून पोट भरत होती, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.

आपल्या पूर्वजांविषयीचे उत्तर बाहेरचे लोकही देतात. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला आणि ७ जूनला बंदच्या दिवशी दगडफेक झाली. त्या दिवसांत 'औरंगजेबाची औलाद' हा शब्दप्रयोग भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा कानावर आला. औलाद हा वंशावळीतलाच शब्द. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या पिंजाऱ्याची किंवा बागवानाची वंशावळ कुणीतरी एका वाक्यात लिहून टाकली. घरातला शजरा आपल्याला मदिनेला नेतो आणि चौकातले भाषण दिल्लीला. आपला पणजोबा ज्या गावात जन्मला, तिथल्या चावडीत जाऊन कागद पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र आपल्याकडे ही गरज वाटणारी माणसे तयार झाली आहेत. ती इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारा मोल्डर, निवृत्त एस.टी. कंडक्टर, शिवणकाम करणारी बाई, भाजीचा गाडा लावणारा बागवान अशी ही मंडळी आहेत. सुट्टीच्या दिवशी ती तहसील कचेरीत, जुन्या शाळेत, कब्रस्तानात आणि दूरच्या नातेवाइकांच्या घरी जातात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स आणि वहीत पेन्सिलीने काढलेले झाड. त्यांना या नादाला लावले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, तर मुलामुलींच्या दाखल्याने.

हा दाखल्याचा भाग थोडा समजून घेतला पाहिजे. मुसलमानांतही व्यवसायावरून पडलेल्या जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मागासलेल्या आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने लावून धरली. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी ती उभी केली. पेशावरच्या फळविक्रेत्या घराण्यात जन्मलेले अभिनेते दिलीपकुमार तिच्या सभांना आले. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी तिला वैचारिक आधार दिला. १९९४ मध्ये शासन निर्णय निघाला आणि मुसलमानांतल्या मागास जातींना दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे २००१ पासून जातपडताळणीचा कायदा लागू झाला. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जाऊ लागला. सोबत शपथपत्रावर वंशावळ. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलीचा बाप मग रातोरात वंशावळकार होतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्यामुळे ही धावपळ जवळून पाहायला मिळते. एखादे पालक येतात आणि आजोबांच्या नावाची जनरल रजिस्टरमधली नक्कल मागतात. आपल्या उर्दू शाळांच्या जुन्या रजिस्टरांत जातीच्या रकान्यात बहुधा एकच शब्द आढळतो, 'मुसलमान'. लिहिणाऱ्या मौलवीसाहेबांचा हेतू चांगलाच असणार. इस्लाममध्ये जात नाही, मग ती कशाला लिहायची? त्याच आजोबांचा धाकटा भाऊ गावच्या मराठी शाळेत गेलेला असतो. तिथल्या मास्तरांनी 'मुसलमान पिंजारी' किंवा 'मुलाणी' असे लिहून ठेवलेले असते. त्या एका शब्दामुळे धाकट्याच्या नातवाला दाखला मिळतो आणि थोरल्याचा नातू हेलपाटे घालत राहतो. मग थोरल्याचा नातू धाकट्याच्या नातवाला शोधत जातो. चाळीस वर्षे शेताच्या बांधावरून तुटलेले बोलणे अशा एका नकलेने पुन्हा सुरू झालेले मी पाहिले आहे.

कोल्हापूरकरांची या बाबतीत एक विशेष सोय झालेली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केले हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्याचा आपल्या वंशावळीशी असलेला संबंध सहसा ध्यानात येत नाही. सक्तीमुळे मुलाण्याचे, पिंजाऱ्याचे, फकिराचे पोर शाळेत आले. पोर आले म्हणजे त्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख रजिस्टरवर आली. ज्यांच्याकडे ना जमीन, ना वतन, अशा घराण्यांचे नाव पहिल्यांदा कागदावर चढले ते अशा रजिस्टरांत.

शाळेच्या मागे गेलो की कोतवाल बुक लागते. गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसांची ही नोंदवही, हल्लीच्या भाषेत गाव नमुना नंबर १४. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ही दप्तरे कपाटांतून बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. या शोधात आपलेही लोक रांगेत उभे राहिले. कोतवाल बुकात नावे तारखेप्रमाणे लिहिलेली असतात, जातीप्रमाणे नव्हे. त्यामुळे एकाच पानावर मराठा, जैन, महार, लिंगायत, मुसलमान एकाखाली एक येतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने उलगडली की एकेका दिवशी पाच-सहा मृत्यू दिसतात. एखाद्या पाटलाचे आणि एखाद्या मुल्लाचे तान्हे पोर एकाच रात्री गेलेले असते. त्या पानावर बोट ठेवून दोघांचे पणतू आज एका टेबलाशी उभे राहतात तेव्हा त्यांच्यात जे बोलणे होते, ते कुठल्याही सलोखा समितीच्या बैठकीत होत नाही.

या वह्यांतली नावे वाचण्यासारखी असतात. दस्तगीर, मौला, इमाम, हुसेन ही तर आहेतच. पण बंडू, दादू, बापू, आप्पा, गुलाब अशीही आपल्या पूर्वजांची नावे आहेत. मिरासाहेब हे नाव दिसले की घरातल्यांनी मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याला नवस केला होता असे समजावे. यमनूर दिसले तर धारवाड जिल्ह्यातल्या यमनूरच्या पीराचा नवस. अशी नवसाची नावे हिंदू घरांतही ठेवली जात. नातवाला आजोबाचे नाव ठेवायची चाल असल्यामुळे 'इमाम हुसेन' आणि 'हुसेन इमाम' अशी जोडी आळीपाळीने येत राहते. नवख्या माणसाचा इथे घोटाळा होतो. जाणकार मात्र तीच आळीपाळी धरून पिढ्या मोजतो.

आडनावांचेही तसेच. आपल्या भागातली मुसलमान आडनावे बघा. बागवान, आत्तार, तांबोळी, मणेर, पिंजारी, मोमीन ही बाजारपेठेतली. बारगीर, गोलंदाज, बाणदार, ढालाईत, जमादार ही फौजेतली. फरास आणि चोपदार दरबारातले, नगारजी देवळापुढच्या नगारखान्यातला. पाटील, देसाई, इनामदार ही तर शेजाऱ्यांची आणि आपली एकच. यांतले एकही आडनाव अरबस्तानातल्या टोळीचे नाही. प्रत्येक नाव मराठी मुलखातल्या एखाद्या कामाचे आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसून लढणारा स्वार. त्याचे नाव लावणारे घराणे कुणाच्या सैन्यात होते, हे आपल्या पोरांना आपणच सांगितले पाहिजे.

शिकलगारांचे उदाहरण थोडे सविस्तर घेण्यासारखे आहे. शिकल करणे म्हणजे हत्यार घासून त्याला पाणी आणि चकाकी आणणे. फौजा होत्या तोवर या कारागिरांना मान होता. इंग्रजी अंमल आला, हत्यारे म्यानात गेली आणि धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. त्यांच्या वंशजांचे आडनाव पुढे सतारमेकर झाले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची मुळे अशी तलवारीच्या पात्यात आहेत. सगळे शिकलगार काही सतारीकडे वळले नाहीत. कुणी विळे-कात्र्यांना धार लावत गावोगाव हिंडले. त्यांची मुले कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभी राहिली आणि नातू शिरोलीच्या कारखान्यांत आले. कागदोपत्री मात्र आजोबा 'शिकलगार', मुलगा 'मिस्त्री' आणि नातू 'शेख'. तिघे एकाच घरातले आहेत हे सिद्ध करायला वंशावळ लागते.

माझ्या माहितीतल्या एका मोल्डरने असाच शोध घेतला. त्याच्या आजोबांचा जन्म निपाणीकडचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली, त्यामुळे पुढचे कागद कन्नडमध्ये. याला कन्नड येत नाही. चिकोडीच्या कचेरीत नक्कल वाचून द्यायला जो माणूस भेटला, तो याच्याच आजोबांच्या चुलतभावाचा नातू निघाला. दोघांच्या घरी मोहरमला चोंगे एकाच पद्धतीने करतात, दोघांच्याही आज्या कापणी संपली की पीराला मलिदा नेत. दाखल्याचे काम झाले आणि ईदला येणे-जाणे सुरू झाले. पुढच्या वर्षी दोन्ही घरांनी मिळून चार पिढ्यांतल्या माणसांची वही केली, आणि त्या वहीत नावांबरोबर कोण काय काम करत होता, कुठल्या विहिरीचे पाणी पीत होता, कुठल्या साथीत गेला, हेही लिहिले.

त्याहून जुने कागद मोडीत आहेत. ज्यांच्या घरी मशिदीची, दर्ग्याची किंवा मुलाणकीची सनद आहे, त्यांना कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरात जावे लागते. गावगाड्यात काझी, मुजावर, मुलाणा यांची वतने होती. वतनाचा तंटा लागला की दोन्ही बाजूंना वंशावळ लिहून द्यावी लागे. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशन नेमले, तेव्हा इनामदारांनी कैफियती दिल्या आणि त्यांतही पिढ्या मांडल्या. भांडणामुळे का होईना, ही घराणी कागदावर राहिली. हे सगळे लेखन मराठीत आहे. आपल्या पूर्वजांचा इतिहास उर्दूत शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो आणि मोडी मराठीत शोधणाऱ्याला तो सापडतो, हे मी उर्दूची शिक्षिका असूनही सांगते.

गंमत अशी की हे मोडी कागद वाचायला अरबीही लागते. जुन्या मराठी कागदांवर साल शुहूर सनात आणि अरबी अंकशब्दांत असते. उदाहरणार्थ, 'सन सलास सबैन मया व अलफ'. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार. बेरीज ११७३. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १७७२-७३ येते. हे वर्ष मृगापासून, म्हणजे पेरणीच्या सुमारास सुरू होते. मोडी अक्षर निवृत्त तलाठी जोशीकाका किंवा पाटीलकाका सहज वाचतात आणि 'सलास'पाशी अडतात. मदरशात शिकलेला मुलगा मोडी वाचू शकत नाही, पण सलास त्याच्या तोंडपाठ. दोघे शेजारी बसले तरच कागद पुरा होतो. मराठा पाटलाच्या वंशावळीत 'अमुक बिन तमुक' असते, तो 'बिन' अरबी आहे. वारस, मयत, नक्कल, सनद, वतन, इनाम, तारीख हे शब्दही तिकडूनच आले आणि मराठी झाले. वंशावळ मांडायची मराठी भाषाच अशी दोन घरांची आहे.

आपल्या शेजाऱ्यांकडे वंश सांगणारे लोक आहेत. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी येतात. पूर्वी ते बैलावरून येत. दारात बसून वही उघडतात, घराण्याच्या पिढ्या मोठ्याने वाचतात, नवे जन्म लिहून घेतात आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. ब्राह्मण घराण्यांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून छापले जात आहेत. आपल्याकडे पीरांचे सिलसिले काळजीपूर्वक जपले गेले, पण पिंजाऱ्याच्या पिढ्या सांगायला कुणी दारात आले नाही.

जिथे कुळाच्या आठवणीची जपणूक झाली, तिथे काय सापडते याचा एक मोठा दाखला कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांच्या दरबारातले गवई उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांनी आपले आत्मकथन नातू अझीजुद्दीन खाँ यांना सांगितले. ते इंग्रजीत २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खाँसाहेब आपल्या कुळाचे मूळ नाथ विश्वंभर या ब्राह्मण पुरुषापर्यंत आणि स्वामी हरिदासांच्या परंपरेपर्यंत नेतात. नमाजी, परहेजगार मुसलमान असलेल्या खाँसाहेबांना हे सांगताना संकोच वाटला नाही. या परंपरेतली प्रत्येक कडी कागदाने सिद्ध होईल असे नाही. पण एक मुसलमान घराणे आपले धर्मांतरापूर्वीचे पूर्वज अभिमानाने लक्षात ठेवते, ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

हा नाद आपल्यापुरता नाही. मॉरिशसमध्ये १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बापाचे नाव, जात, गाव, अंगावरची खूण आणि पुढच्या काळात फोटोही. त्या नोंदीवरून पाचव्या पिढीतली माणसे कोकणात गाव शोधत येतात. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले, त्यांच्या परवान्यांच्या फायलीही तिथल्या दप्तरात आहेत. ज्या कागदांनी त्यांना अडवले, मोजले आणि हाकलले, तेच आज नातवंडांना आजोबांचा चेहरा दाखवत आहेत.

या सगळ्या वंशावळींत एक मोठी उणीव आहे, ती बाईची. शजऱ्यात ती नाही, शपथपत्रावरच्या वंशावळीत नाही, दाखलाही बापाकडूनच जातो. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना मी चार पिढ्यांची नावे आणायला सांगितली. पणजोबांचे नाव बहुतेकांनी आणले, पणजीचे नाव मोजक्याच मुलांना मिळाले. पण बाईला कागदावर शोधायची एक जागा आहे. शरीयतप्रमाणे मुलीला आणि विधवेला वाटा आहे, म्हणून जमिनीच्या वारस नोंदीत, फेरफारात त्यांची नावे लिहावी लागतात. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड येते आणि ते नाव कमी होते. एका नोंदीपुरती का होईना, पणजी तिथे भेटते. मुलांनी मग आजीला विचारायला सुरुवात केली. कुठली सोयरीक कुठे झाली, कोण बाळंतपणात गेली, कुणाच्या घरून कुणाला दूध पाजले गेले, हे तिलाच ठाऊक असते. दूधभावाचे नाते आपल्याकडे लग्नालाही आड येते, म्हणून तिने ते ध्यानात ठेवलेले असते. हे रजिस्टर कुठल्याच कचेरीत नाही आणि तिच्याबरोबर ते जाणार आहे.

या शोधाला धोकेही आहेत. दाखल्यासाठी सोयीचा पूर्वज जोडून घेणारे आहेत आणि मोठेपणासाठी सय्यद होणारेही आहेत. जिथे कागद नाही तिथे रेघ तुटक काढावी आणि ऐकीव गोष्टीपुढे ती कुणाकडून ऐकली हे लिहावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे. टोळ्या आणि कुळे ही एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, अशी शिकवण कुरआनाच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. बडेजावासाठी वंश सांगणे तिथे अभिप्रेत नाही. कोतवाल बुकापाशी उभ्या असलेल्या माणसांना ही ओळख पटताना मी पाहते.

शिरोलीच्या फौंड्र्यांत आता उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मुले आमच्या शाळेत येतात. भट्टीवरून थेट आलेला बाप मुलाचे नाव सांगतो, गाव सांगतो, जातीच्या रकान्यापाशी गप्प होतो. त्या वेळी घाई न करता विचारावे लागते आणि हिज्जे दोनदा तपासून लिहावे लागते. पन्नास-साठ वर्षांनी 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न या मुलाच्या नातवालाही कुणीतरी विचारणार आहे. उत्तर द्यायला त्याच्यापाशी कदाचित एवढी एकच ओळ असेल: वडिलांचे नाव, मूळ गाव, राहणार शिरोली, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर.